बँक फार सरळ बोलते

माझ्या सासऱ्यांनी बँकेचा मेसेज खोटा ठरवला, तो डोळ्याला भिंग लावून.

भिंग त्यांच्या कपाळावर दिवसभर असतंच. आमचा धंदा खोट्या दातांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यावरून कवळ्या आणि कॅपा बनवून परत पाठवतो. पुढची खोली म्हणजे वर्कशॉप, मागे घर, आणि प्लास्टरची पांढरी पूड दोन्हीकडे सारखीच. नवरा बोटीवर नोकरीला, त्यामुळे टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सासरे, आणि आमच्या मध्ये गावभरचे जबडे.

"हे बघ," त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "किती सरळ लिहिलंय. खोटं आहे."

मी वाचलं. बँकेनं लिहिलं होतं की आपल्या कार्डावरून एका मोठ्या खरेदीचा प्रयत्न झाला आहे, रक्कम आम्ही अडवून ठेवली आहे, खरेदी आपली नसल्यास कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर आज पाचच्या आत फोन करावा. शेवटी हेही होतं की ओटीपी कोणालाही सांगू नये, आम्हालासुद्धा नाही. पाचनंतर अडवलेले पैसे आपोआप का सुटणार होते, ते ज्यानं नियम केला त्यालाच माहीत.

"बाबा, ह्यात खोटं काय आहे?"

"धमकी नाही, आरडाओरडा नाही, वाक्यं एका ओळीत बसवलेली. निसर्गात असं असतं का?"

इथे सासऱ्यांची थिअरी सांगायला हवी, नाहीतर ते तुम्हाला नुसतेच हट्टी वाटतील. ते हट्टी आहेतच, पण थिअरीसकट. खरे दात कधीच एका रेषेत नसतात. एखादा जरा वळलेला, एखादा आखूड, एखादा पिवळट. शिकाऊ माणूस मोत्यासारखी कवळी बनवतो आणि लांबूनच कळतं की कवळी आहे. म्हणून सासरे प्रत्येक कवळीत खालचा एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवतात. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि म्हणतं, अगदी माझेच वाटतात हो. ह्या एका तिरक्या दातावर आमचं घर उभं आहे. आणि त्याच दातानं त्यांनी उरलेलं सगळं जग मोजायला घेतलं होतं. टापटीप दिसलं की खोटं, वाकडं दिसलं की खरं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण आमची भट्टी मेली होती. कॅपा भाजायची भट्टी, तिच्याशिवाय आम्ही म्हणजे नुसतं मेण वितळवणारी माणसं. डॉक्टरांची कामं दुसरीकडे जायला लागली होती. नवी भट्टी उद्या येणार होती आणि तिचे सगळे पैसे ह्याच खात्यात होते. ते गेले तर वर्कशॉप बंद, आणि मी दिवसभर घरात बसून काय करणार होते हा विचारसुद्धा मला सोसवत नव्हता. मला हे काम आवडतं. सासऱ्यांइतकंच आवडतं, फक्त मी तसं बोलून दाखवत नाही.

दुपारी बँकेतून फोन आला. सासऱ्यांनी स्पीकरवर टाकला, मला धडा मिळावा म्हणून.

"नमस्कार सर," एका मुलीचा गोड आवाज. "मी तुमच्याकडे कुठलीही माहिती मागणार नाही."

"मग फोन कशाला केलास?"

"सर, सावध करायला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, कार्डावरच्या नंबरावर स्वतः फोन करा."

सासऱ्यांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? स्वतःच सांगते, विश्वास ठेवू नका. इतका सज्जनपणा पैशाच्या धंद्यात?"

तिनं परत फोन केला. त्यांनी परत ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते म्हणाले, "खरी बँक आपण केलेला फोन उचलत नाही, आणि ही स्वतःहून करतेय!" हे मात्र खरंच होतं.

मग मला शंका आली. "बाबा, तुम्ही कार्डाचा नंबर कुठे दिला नाहीत ना?"

"दिला की. काल. बँकेला."

त्यांनी कालचा मेसेज काढून दाखवला. बँकेचं चिन्ह तिरकं आणि रंग उडालेलं. वरचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं. खाली लाल अक्षरांत दम की आत्ताच्या आत्ता इथे दाबून कार्डाची माहिती भरा, नाहीतर खातं कायमचं बंद.

"हा बघ खरा माणूस," सासरे मायेनं म्हणाले. "दमलाय, वैतागलाय, समोर रांग उभी असणार. दिली त्याला माहिती. बिचाऱ्याचं काम झालं असेल."

बिचाऱ्याचं काम झालंच होतं. मी म्हटलं, कार्ड द्या, आत्ता फोन लावते. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. कार्ड ते कोणाच्या हातात देत नाहीत, माझ्या नाही, मुलाच्या नाही, सासूबाईंच्या तर नाहीच. मी ओरडले, विनवण्या केल्या, शेवटी रडकुंडीला आले. ते शांतपणे मेण तापवत बसले. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, भिंतीशी बोल, ती तरी जुनी झाली की थोडी हलते."

चार वाजून गेल्यावर दारात बँकेची मुलगी उभी. तीच, फोनवरची. शाखा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि ती नोकरीला नवीन होती. जुनी असती तर एव्हाना स्वतःच्या घरी गेली असती.

"सर, मी बँकेतून आले."

सासऱ्यांनी भिंग खाली ओढलं आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र तपासलं. "फोटो अगदी मधोमध चिकटवलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तोंड उघड."

मी डोक्याला हात लावला. तिनं मात्र तोंड उघडलं. बँकेच्या प्रशिक्षणात ग्राहकाला नाही म्हणू नये असं शिकवलं असावं.

"फार सरळ आहेत."

"लहानपणी तार लावली होती," ती कसंबसं म्हणाली.

"म्हणजे मुळात वाकडे होते आणि तू ते लपवलेस!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर वाळत ठेवलेली एक कवळी मी उचलली आणि त्यांच्या नाकासमोर नाचवली. "बाबा, हा खालचा दात तिरका कोणी बसवला?"

"मी."

"दात खरा आहे?"

"खुळी आहेस का? कवळी आहे ती."

"मग तिरका कशाला बसवलात?"

"खरा वाटावा म्हणून." ते म्हणाले आणि थांबले.

"खोट्या मालात मुद्दाम वाकडेपणा घालतं कोण? आपण! तो कालचा मेसेजवाला आपल्याच धंद्यातला आहे बाबा. तुमच्याइतका चांगला कारागीर आहे."

सासरे स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा पडला. त्यांना फसवलं गेल्याचं दुःख नव्हतं, दुसऱ्याचा तिरका दात आपल्याला ओळखता आला नाही ह्याचं होतं. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

"कवळी बरोबर झाली हे आपण बघून ठरवतो का?" मी विचारलं.

"नाही. तोंडात बसवून."

"कोणाच्या?"

"ज्याचा साचा त्याच्या."

"कार्ड कोणी दिलंय? नंबर कोणी छापलाय त्यावर? तिथेच लावून बघा. ना मेसेजमधला नंबर, ना हिचा शब्द."

"सर, मेसेजमध्ये आम्ही नेमकं हेच..." मुलगी म्हणाली.

"तू बोलू नकोस," सासरे गरजले. "तुझा निकाल अजून लागायचा आहे. तिथेच उभी राहा."

त्यांनी खिशातून कार्ड काढलं, आमच्याकडे पाठ केली, आणि मागचा नंबर भिंगातून बघत एकेक आकडा दाबला. मग संगीत वाजलं. हे दाबा, ते दाबा, परत संगीत. सासऱ्यांचा चेहरा जरा खुलला. "वाट बघायला लावतायत," ते कुजबुजले. "बँकच आहे."

शेवटी तिकडून सांगितलं की तुमचा फोन तुमच्या शाखेतल्या संबंधित अधिकाऱ्याकडे जोडत आहोत. आणि दारात उभ्या असलेल्या मुलीची पर्स वाजायला लागली.

तिनं फोनकडे पाहिलं, सासऱ्यांच्या पाठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. तिनं ओढणी सारखी केली आणि फोन उचलला. "नमस्कार, मी आपली काय मदत करू?"

"आधी एक सांगा," सासरे भिंतीकडे बघत फोनमध्ये म्हणाले. "माझ्या दारात एक मुलगी उभी आहे. तुमची आहे म्हणते. खरी आहे का?"

"हो सर. ती आमचीच आहे."

"दात कसे आहेत तिचे?"

"सरळ आहेत सर. तार लावली होती."

"जुळतंय," सासरे म्हणाले.

मग त्यांनी वळून पाहिलं. दोन हातांवर ती, कानाला फोन. त्यांना कळलं असणार, पण कळलंय असं त्यांनी दाखवलं नाही. साचा जुळला होता, आता तोंड कोणाचं का असेना. त्यांनी खरेदी आपली नसल्याचं सांगितलं.

"ठीक आहे सर. खरेदी रद्द करण्याआधी आपण खरे खातेदार आहात ह्याची खात्री करावी लागेल."

"माझी? मी तुझ्यासमोर उभा आहे!"

"सर, फोनवर मला आपण दिसत नाही," ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

सासऱ्यांच्या नजरेत पहिल्यांदा आदर आला.

"खातं उघडताना आपण एक गुप्त प्रश्न निवडला होता. तुमचा सर्वांत जास्त विश्वास कोणावर आहे? तीन वेळा विचारता येईल. चुकलं तर मला काहीच करता येणार नाही."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला थोडाच अवकाश होता. सासूबाई ओले हात घेऊन बाहेर आल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"बायकोवर."

सासूबाईंनी केस सारखे केले.

"चूक, सर."

"चूक कसं?" सासूबाई म्हणाल्या.

"मुलावर," सासरे घाईनं म्हणाले.

"चूक. आता शेवटचं, सर."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात माझंच नाव आलं. रोज त्यांच्यासमोर मान मोडून बसते ती मी. त्यांनी माझ्याकडे साधं वळूनही पाहिलं नाही.

"मग आहे तरी कोण ती?" सासूबाईंनी विचारलं.

मला वाटलं, विसरले असतील. पण विसरलेला माणूस छताकडे बघतो आणि सासरे जमिनीकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. उत्तर त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"बाबा, भट्टी जाईल," मी म्हटलं.

"कुणावरच नाही," ते अगदी हळू बोलले.

"बरोबर, सर," मुलगी म्हणाली. तिला ते म्हणावंच लागलं, पण म्हणताना तिनंही मान खाली घातली.

पैसे वाचले. कार्ड रद्द झालं, भट्टी उद्या येणार हे नक्की झालं, आणि कोणालाच आनंद झाला नाही. सासूबाई ओले हात तसेच धरून उभ्या होत्या.

"रोज मी हातावर ठेवते त्या गोळ्या न बघता गिळता," त्या म्हणाल्या. "आणि कुणावरच नाही?"

"बँकेचा प्रश्न होता तो."

"चोराला ओळखता येऊ नये म्हणून तसं लिहिलंत?"

सासूबाईंनी स्वतःच पळवाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा, एकदा तरी सरळ हो म्हणा.

"नाही," सासरे म्हणाले. "तेव्हा खरंच तसं वाटायचं."

मग दारातली मुलगी, फोन अजून कानालाच धरून, चाचरत म्हणाली, "सर, माफ करा. उत्तर सगळ्यांसमोर उघड झालं, त्यामुळे आता चालणार नाही. नवीन द्यावं लागेल. आत्ताच."

सासऱ्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. "ह्या ऐकतायत," ते फोनमध्ये म्हणाले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. मी दाराशी कान देऊन उभी राहणार तेवढ्यात त्यांनी नळ पूर्ण सोडला. रिकाम्या भांड्यावर पाणी धो धो आदळायला लागलं आणि बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येईना.

"आई, काय करताय? आता नाव सांगतील ते!"

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि नळावरचा हात हलत नव्हता. "आपण ऐकलं तर त्यांना परत बदलावं लागेल."