हेझलचे चाळीस सेकंद

भालकीच्या अडत बाजारात गुरुशांतप्पांच्या दुकानामागे जी खोली आहे, तिच्या तीन भिंतींना छतापर्यंत तुरीची पोती लावलेली होती आणि चौथ्या बाजूला जुन्या रजया टांगलेल्या. मधोमध एक स्टूल, एक माईक, एक लॅपटॉप. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर हेझल थॉर्नबी.

“आवाज गिळायला तूरच बरी, अक्का,” दोन वर्षांपूर्वी पहिली पोती रचताना हमाल भीमण्णा म्हणाला होता. “हरभऱ्याचं पोतं लई तोंडाळ. बोललेलं उलटं बोलतंय.”

ज्या अक्काला तो हे सांगत होता, ती गुरुशांतप्पांची थोरली मुलगी शैलश्री. उदगीरला मराठी घेऊन एम.ए. झालेली, कवितेच्या नादाने थोडी अबोल. तिथल्याच एका काव्यवाचनात मुंबईच्या विजयश्रीताईंनी तिचा आवाज ऐकला. त्या परदेशी मालिकांचे मराठी डबिंग करून घेत, आणि तेव्हा त्यांच्या हाती एक लांबलचक इंग्रजी मालिका आली होती: समुद्रकाठी होड्या बांधणाऱ्या एका घराची, त्या घरातल्या रूथ नावाच्या मुलीची. रूथचे काम हेझल करत असे. मराठीत रूथ शैलश्रीच्या तोंडून बोलू लागली.

हेझल बंदरावर मासे उतरवणाऱ्याची मुलगी. मालिकेची माणसे शाळेत मुले निवडायला आली, तेव्हा ती निवडीला नव्हे, धाकट्या भावाला घरी न्यायला गेली होती. अकराव्या वर्षी ती पडद्यावर आली. चौदाव्या वर्षी वर्तमानपत्रांनी तिच्या वेड्यावाकड्या दातांची टिंगल केली; तिने दात तसेच ठेवले. ‘ते रूथचेही दात आहेत, माझ्या एकटीचे नाहीत,’ असे तिने एका मुलाखतीत सांगितले होते. सोळाव्या वर्षी वादळातल्या दृश्यासाठी बदली मुलगी नाकारून ती तीन महिने वल्ही मारायला शिकली. अठराव्या वर्षी एका मोठ्या सिनेमाचे बोलावणे सोडून, आपल्या गावच्या छोट्या नाट्यगृहात हिवाळाभर म्हाताऱ्या मोलकरणीचे काम करत राहिली. म्हातारपण पायरी कशी चढते, हे तिला शिकायचे होते.

हे सारे शैलश्रीला मुलाखती वाचून कळले होते. पण तिची खरी ओळख श्वासातून झाली. डबिंगमध्ये मूळ नटाच्या संवादांबरोबर त्याचे श्वासही पुसले जातात. उरते ते संगीत, दारांचे आणि लाटांचे आवाज. श्वास पुन्हा घालावा लागतो. म्हणून शैलश्रीने आधी हेझलचा श्वास पाठ केला. रूथ खोटे बोलणार असली, की हेझल श्वास अर्ध्यावर थांबवी. माफ करणार असली, की आधी तो नाकातून सोडून देई. हे तिला कुणी शिकवले नसावे. जगाने अकरा वर्षांत पाहिलेली ती मुलगी शैलश्रीने दोन वर्षांत मोठी होताना पाहिली. आखाडात अकराव्या वर्षाचा किनरा आवाज सांभाळणारी, दिवाळीला वल्ह्याने सोललेले तळवे झाकणारी. शैलश्री तिच्याहून चार वर्षांनी मोठी. तरी त्या खोलीत शिष्या तीच होती.

आता शेवटचा भाग उरला होता. हेझल मालिका सोडत होती. विजयश्रीताईंनी स्वच्छ सांगितले होते, की पुढची मालिका शैलश्रीला द्यायची की नाही, ते या भागावर ठरेल. आणि खोलीतली तूर उद्या सकाळी कलबुर्गीच्या डाळमिलला जाणार होती. जे करायचे ते आजच.

अडचण एकाच दृश्याची होती. रूथची आई वारली आहे. अर्धवट बांधलेल्या होडीत रूथ एकटी बसते आणि आईच्या कोटाचे तुटलेले बटण तळहातावर ठेवून त्याच्याकडे पाहते. चाळीस सेकंद. इंग्रजीत तिथे एकही शब्द नाही. मुंबईहून आलेल्या संहितेत मात्र सहा ओळींचे मनोगत होते. ‘आई, तुझ्यावाचून हा किनारा पोरका झाला,’ अशी त्याची सुरुवात.

शैलश्रीने दुपारीच फोन केला होता. “ताई, ती तिथं गप्प आहे.”

“अगं, आपला प्रेक्षक मेथी निवडत बघतो,” विजयश्रीताई म्हणाल्या. “चाळीस सेकंद कुणी बोललं नाही, की त्याला वाटतं नेट गेलं. दे ओळी सुरेख म्हणून. तुला काय अवघड आहे?”

अवघड काहीच नव्हते. तिने ओळी पाच वेळा म्हटल्या. पाचही वेळा सुरेख आल्या, आणि पाचही वेळा पडद्यावरची हेझल तिला लांब गेल्यासारखी वाटली. कुणी आपल्या तोंडावर हात ठेवावा आणि आपण डोळ्यांनी नकार द्यावा, तशी.

रजई बाजूला करून शैलश्रीची आई शांतम्मा आत आल्या, हातात ताकाचा तांब्या. लेक ज्या पोरीमागे दोन वर्षे खोलीत कोंडून घेते, तिच्याबद्दल त्यांना फारसे प्रेम नव्हते.

“झाली का न्हाई तुझी ती मासेवाल्याची लेक?”

“व्हायलीय, अव्वा. बस जरा.”

दृश्य पुन्हा सुरू झाले. वर शैलश्रीचा आवाज, सुरेख, दुःखी. शांतम्मा वाकून पाहू लागल्या.

“हातात काय हाय तिच्या?”

“आईच्या कोटाचं बटन. आई गेली तिची.”

“मग तू कामून बोलायलीस तिथं?”

“लिहून आलंय तसं.”

“लिहिणाऱ्याला काय कळतंय,” शांतम्मा म्हणाल्या. “हातावर ठेवून बघणारं माणूस बोलतंय का कधी? सकाळी मी बोलते का?”

ताक ठेवून त्या गेल्या, पण शैलश्री तांब्याला हात न लावता बसून राहिली. रोज पहाटे कपाळी विभूती लावून अव्वा गळ्यातले इष्टलिंग पूजेसाठी डाव्या तळहातावर घेते. नजर खिळते, मग श्वास हळूहळू पातळ होत जातो, इतका, की लहानपणी शैलश्री घाबरून तिच्या नाकापाशी बोट धरायची. शेवटी एक खोल श्वास येई, जसे कुणी दूर जाऊन परतावे. तिने दृश्य मागे नेले, कानात मूळ इंग्रजी आवाज घेतला आणि फक्त ऐकले. पातळ होत जाणारा श्वास. अठ्ठाविसाव्या सेकंदाला जवळजवळ काहीच नाही. अडतिसाव्याला परतणे. समुद्रापारच्या बावीस वर्षांच्या मुलीला हे कुठून कळले असेल? पाहता पाहता कळले असेल. जिने म्हातारपणाची पायरी शोधली, ती इथवरही एकटीच चालत आली असेल.

शैलश्रीने डावा तळहात उघडून समोर धरला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. बाहेर भीमण्णा कुणाला तरी दटावत होता, पण पोत्यांनी ते गिळले. तिने हेझलच्या मागोमाग श्वास सोडला, अव्वासारखा सोडला, आणि परत घेतला.

एकच टेक. ओळींचे पाचही टेक तिने पुसून टाकले आणि दिवस मावळायच्या आत फाईल पाठवली. दोन वर्षांनी मिळालेली वाट आपण चाळीस सेकंदांत बुजवली, हे तिला कळत होते.

सकाळी लॉरी लागली. भिंतींमागून भिंती निघाल्या. रिकाम्या खोलीत फोन वाजला तो दुप्पट मोठ्याने.

“ओळी कुठे आहेत?” विजयश्रीताईंनी विचारले.

“म्हटल्या नाहीत, ताई. म्हणजे म्हटल्या, पुसल्या.”

“मी सांगितलं होतं ना?”

“होय.”

“पुन्हा करून पाठव.”

“खोली गेली, ताई. तूर लॉरीत आहे. आणि खोली असती, तरी केल्या नसत्या. तिथं ती जे करते, त्यावर माझं बोलणं चढवायचं माझ्यानं होणार नाही.”

शैलश्री पलीकडचा श्वास ऐकत राहिली. दोन वर्षे एकाच मुलीचे श्वास ऐकून तिचा कान तयार झाला होता. विजयश्रीताईंनी श्वास अर्ध्यावर थांबवला नाही. तो नाकातून, सावकाश, पूर्ण सोडला.

“मी ऐकलं काल,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मेथी घेऊन. मेथी तशीच राहिली.” मग जरा कोरडेपणाने, “ठेवते तसंच. पुढच्या मालिकेत तोंड उघडशील ना?”

“उघडेन.”

फोन ठेवून ती उभी राहिली. भीमण्णा शेवटचे पोते पाठीवर घेत होता.

“अक्का, पुढल्या पोरीला खोली लागंल का?”

“लागंल.”

“मग नवी तूर आली की रचतो,” तो म्हणाला, आणि दारात घुटमळला. “अन् ही पोरगी? ही कुठं जायलीय आता?”

“न्हाई माहीत,” शैलश्री म्हणाली. “पण जिथं जाईल, तिथलं आधी शिकून घेईल.”