सागरची डुलकी

उधन्याच्या आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये डुलकी कुणाला मागावी लागत नाही. मान कलली की शेजारचा न बोलता त्याचे माग सांभाळतो. झोप वेगळी, झोपणाऱ्याला शेठ शिव्या देतो आणि आम्हीही देतो. डुलकी मात्र कामातलीच. डुलकी लागलेल्याला उठवणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलणं.

सागर हा सुकलालचा सख्खा भाचा. सुकलालनंच त्याला शहाद्याहून आणला. त्या दुपारी चालत्या मागातून आडवं सूत नेणारा लाकडी धोटा उडाला आणि सागरच्या कानशिलावर बसला. रक्त आलं नाही, टेंगूळ आलं. मामानं ओला रुमाल बांधला. सागर हसला आणि पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं नळाशी जाऊन ओकला आणि सुताच्या पोत्यांना टेकून बसला. मान कलली.

सुकलालनं त्याचे माग घेतले.

सुताच्या कांड्या भरणारी कुसुम जवळ येऊन ओरडली, "सुकलालभाऊ, पोरगा ओकलाय. उठवा त्याला."

"ऊन बाधलंय, ताई. एक डुलकी काढली की उतरेल."

"डोक्याला लागलंय त्याच्या!"

"म्हणूनच तर पडू दे."

पलीकडून प्रशांत म्हणाला, "नवं लग्न आहे हो, कुसुमताई! घरी चैताली झोपू देत नाही, इथं तुम्ही!"

सगळे हसले. कुसुमलाही हसू आलं. ती कांड्यांकडे परतली.

शेठ फेरीला आला तेव्हा सुकलाल पोत्यांना आडवा उभा राहिला.

"सागर क्यां गयो?"

"संडास गया, शेठ."

शेठ गेला. मामानं भाच्याच्या मानेखाली आपला सदरा घडी करून ठेवला.

मग लाईट गेली. माग थांबले आणि शेडभर सागरचं घोरणं ऐकू आलं.

"काय घोरतो गडी!" प्रशांत म्हणाला.

पण ते घोरणं ओलं होतं, घशात पाणी अडल्यासारखं. मध्येच थांबायचं.

सुकलालनं त्याला हलवलं. "ए सागर, ऊठ. मामा सांगतोय ना." तोंडावर पाणी मारलं. बोटानं पापण्या उचलल्या. एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती, दुसऱ्यातली नाही.

"रिक्षा आणा रे!" कुसुम किंचाळली. प्रशांत धावला.

तेवढ्यात लाईट आली. बटणं कुणी बंद केलीच नव्हती. सगळे माग एकदम खडखडत सुरू झाले. सुकलालनं भाच्याच्या तोंडाशी कान नेला आणि हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगितलं.

आम्ही गप्पच होतो.