गतवर्षीचे पंचांग

ज्येष्ठांच्या शब्दाचा मान राखावा, हे खरे. परंतु तो राखण्यासाठी सत्य मनातच ठेवले, तर मान आणि सत्य या दोहोंनाही उणेपणा येतो. हिंदी मुलखातल्या प्रताप नगरात एका मराठी घरी हा पेच एका दिवसात उभा राहिला.

घर बापूंचे. ते संस्कृतचे निवृत्त अध्यापक. त्यांनी चाळल्याखेरीज त्या घरात ग्रंथ येत नसे. नात अनुया हिची दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी परीक्षा होती. संकेतस्थळे घडवण्याच्या पीएचपी या भाषेत एक पान करून दाखवायचे आणि सोबत एकच पुस्तक न्यायचे. त्या सकाळी चौडा रास्ता या बाजारपेठेतील दुकानात दोन पुस्तके समोर आली: एक कोरे, दुसरे काही वर्षांपूर्वीचे, वापरलेले, समासात टिपा असलेले.

"ज्यावर इतकी बोटे फिरली, ते पारखलेले," बापू म्हणाले.

"मतलब... जुनं आहे ना ते, बापू."

"जुने भाष्य नेहमी बरे."

अनुयाने जुने घेतले.

दुपारपासून ती त्यातले पहिलेच उदाहरण संगणकावर उतरवीत होती. चौकटीत नाव लिहिले की पानाने नाव घेऊन नमस्ते म्हणावे, एवढेच काम. पान नमस्ते म्हणे. नावाची जागा रिकामी राही. तिने अक्षर न अक्षर ताडून पाहिले. जागा रिकामीच.

दिवेलागणीला संध्या आटोपून बापू आले, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"कोठे अडलीस?"

"माझंच काहीतरी चुकतंय."

"ग्रंथात आहे तसे लिहिलेस?"

"हो."

"मग चूक तुझी कशी?"

तिने पुस्तकाचे प्रकाशनवर्ष बोटाने दाखवले. "पुस्तक आलं त्यानंतर भाषाच बदलली, बापू. मला सकाळीच डाउट होता. पण तुम्हाला कसं सांगणार?"

बापूंनी जुने पुस्तक मिटून देवघरापाशी ठेवले. "ग्रंथ पूज्यच आहे. परंतु गतवर्षीच्या पंचांगावरून मुहूर्त काढीत नाहीत. स्कूटी काढ."

टोंक रोडवर वाहने खोळंबली होती. दुकानी पोहोचले, तर शटर अर्धे खाली.

"पंडितजी, सुबह तो नई किताब को हाथ भी नहीं लगाया," दुकानदार हसला.

"अब लगाएँगे, भैया."

सकाळचे पुस्तक विकले गेले होते. त्याने दोन दुसरी काढली, दोन्ही नव्या आवृत्तीची. अनुया जाडजूड पुस्तकाचे पहिले पान वाचू लागली.

"प्रस्तावना सर्वांच्याच गोड असतात," बापू म्हणाले. "अडलेला प्रश्न घे. शेवटची सूची उघड."

जाड पुस्तकाच्या सूचीत तो विषय नव्हता. दुकानदाराने दिवा मालवायला हात उचलला, पण तिला शोधताना पाहून तो थांबला. दुसऱ्या पुस्तकात बोट थांबले. तिने पान काढले आणि वाचले.

"चौकटीत लिहिलेलं आता आपोआप मिळत नाही, बापू. स्पष्ट मागावं लागतं."

"भाषा शहाणी झाली म्हणायची," बापू म्हणाले. "आता तू हो."

घरी पानाने तिचे नाव घेतले. "आता म्हाताऱ्याचे लिही," बापू म्हणाले. पानाने त्यांनाही नमस्ते केले.

सकाळी पुस्तक पिशवीत घालून ती वाकली. बापूंनी मस्तकावर हात ठेवला. शंका विचारणारीला धैर्य लाभो, ऐकणाऱ्याला नम्रता, आणि दिवा क्षणभर तेवता ठेवणाऱ्या त्या दुकानदाराचेही कल्याण होवो.