तेहतीस दिवसांचं पुणं

प्रसेनजित तायडे त्या जुलैत वडनेर भोलजीला, आपल्या गावी आला, तो पुणं सोडायचं पक्कं करूनच. नांदुऱ्यात स्टेशनजवळ एखादा गाळा पाहून ठेव, मोटार वाइंडिंगचं दुकान टाकतो, असं त्यानं मोठ्या भावाला, प्रेमानंदला, फोनवर सांगितलं होतं.

चौदा वर्षं तो पुण्यात लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होता. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी तो पायी भटकायचा. कुठल्या पेठेत कुठली गल्ली निघते, ते हातावर पेनानं काढून ठेवायचा. मग लग्न झालं, ते दोन वर्षांत मोडलं. त्यानंतर तो वारज्याच्या एका खोलीत राहू लागला. सकाळी निघायचं, कुठल्या तरी इमारतीच्या तळाशी लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, ग्रीसचे हात धुऊन परत यायचं. शहर वर कुठं तरी चालू असे. त्याच्याशी आपला काही संबंध आहे असं त्याला वाटेनासं झालं होतं.

वडनेरला पोचला त्या दुपारी आई त्याच्यासोबत जेवायला बसली. जनकाबाई मूळची मोठ्या आवाजाची. शेतातून हाक मारली तर रस्त्यावर ऐकू जायची. त्या दिवशी तिचा आवाज घोगरा येत होता. भाकरी दुधात पार विरघळेपर्यंत तिनं कालवली आणि प्रत्येक घास डोळे मिटून गिळला.

"माय, काय झालं?"

"काई नाई. घशात अटकल्यासारखं होते."

"केव्हापासून?"

"झाले असतीन पंधरा रोज."

चुलीपाशी बसलेली राखीवहिनी, प्रेमानंदची बायको, मागे न वळताच म्हणाली, "चार महिने झाले भाऊजी. आम्हाले बोलूच देत नाईत त्या."

तिसऱ्या दिवशी ते तिला अकोल्याला घेऊन गेले. घशात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं कागद हातात आला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, शेक द्यावा लागेल. किरणांच्या उपचाराला दवाखान्यात सगळे शेकच म्हणत होते. तेहतीस शेक, आठवड्याचे पाच. पण मशीनला गर्दी होती आणि तिचा नंबर दीड महिन्यानं लागणार होता. प्रसेनजितनं कंपनीतल्या एका साहेबाला फोन केला. साहेबांच्या ओळखीनं पुण्यातल्या एका दवाखान्यात आठ दिवसांत सोय झाली.

"तू तं गाळा पाह्य म्हणत होता," प्रेमानंद म्हणाला.

"राहू दे आता," प्रसेनजित म्हणाला.

जे शहर सोडायचं ठरवून तो आला होता, तिथेच आईला घेऊन त्याला परत जावं लागलं.

दवाखान्यात आधी तिच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा बनवला. रोज तो चेहऱ्यावर बसवून टेबलाला घट्ट अडकवायचे, म्हणजे मान हलायला नको. आत ती एकटीच. जाड दार बंद व्हायचं आणि प्रसेनजित बाहेर बाकावर बसायचा. दहा मिनिटांत ती बाहेर यायची, तेव्हा गालांवर जाळीचे चौकोन उमटलेले असत.

पहिल्या दिवशी बाहेर येऊन ती म्हणाली, "झालं? येवढंच?"

"येवढंच."

"मंग आता कोठी जाचं?"

"घरी."

"घरी काय हाये?"

दहाचा शेक असायचा. त्यानं दुपारी दोनची पाळी मागून घेतली होती. मधले तीन तास मोकळे होते.

"मी नागपूरले आठ डाव गेली," जनकाबाई म्हणाली. "दीक्षाभूमी पाह्यली अन् परत आली. नागपूर काई पाह्यलं नाई. तू इथी चवदा वर्सं राह्यला. दाखव काय हाये ते."

"तुले थकवा येईन."

"आला तं सांगीन."

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि विचारत सुटली. "प्रसेन, हे येवढ्या उंच घरात पाणी कसं चढते रे? अन् वरच्या मजल्यावर बाई मेली तं तिले खाली कसं आणत असतीन?" आवाज घोगरा झाला होता तरी मोठाच होता. पुढच्या सीटवरच्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहून ओठ दाबले.

"माय, हळू बोल," प्रसेनजित कुजबुजला.

ती गप्प झाली. उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. प्रसेनजितला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक सुपरवायझर त्याच्या 'मले', 'तुले'ची सगळ्यांसमोर नक्कल करायचा. तेव्हापासून त्यानं ते शब्द एकेक करून जिभेवरून काढून टाकले होते. आता फक्त फोनवर, गावाकडच्यांशी बोलताना ते बाहेर यायचे.

चौथ्या शेकानंतर तिनं गंज पेठेतल्या फुलेवाड्याला न्यायला सांगितलं. आत शिरताना तिनं चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. एकेका खोलीत हात जोडून उभी राहिली आणि शेवटी विहिरीजवळ बराच वेळ बसली.

"तू कितीक डाव आला इथी?"

"पह्यल्यांदाच."

जवळच्याच रस्त्यावरच्या तीन इमारतींच्या लिफ्ट नऊ वर्षांपासून त्याच्याकडे होत्या. आईनं त्याच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून त्यानं मनावर घेतलं. मंडई दाखवली. तिथे भाज्यांचे ढीग आणि वरचं उंच छत यांत आधी काय पाहावं हे तिला कळेना. मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी ती अडून उभी राहिली, तेव्हा तिथल्या सुरक्षारक्षक बाईंनी तिचा हात धरून तिला पायरीवर चढवलं. गाडी नदीवरून जाऊ लागली तशी ती उठून दाराच्या काचेशीच जाऊन उभी राहिली. बाणेरला एका बावीस मजली इमारतीत त्याचं काम होतं. तिथे त्यानं तिला स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टनं गच्चीवर नेलं. चारी बाजूंना शहर पसरलेलं होतं, मध्ये टेकड्या होत्या.

"ह्याच्यात आपली खोली कोठी?"

त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. महामार्ग सापडला, एक टेकडी ओळखू आली, पण वारजं नेमकं कुठं ते सांगता येईना. ही गोष्ट त्याच्या मनातून दिवसभर गेली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तो मुद्दाम त्याच इमारतीच्या वॉचमनला भेटला, वर गेला आणि खोलीची दिशा शोधूनच खाली आला.

तिसऱ्या आठवड्यात तिचं तोंड आलं. जिभेवर, गालांच्या आत फोड आले. चव गेली. ताकसुद्धा झोंबायचं. मानेची कातडी काळी पडून सोलवटली. आवाज आधी चिरका झाला, मग नुसता श्वास उरला. विसाव्या शेकाला डॉक्टर म्हणाले, बोलणं पूर्ण बंद ठेवा.

प्रसेनजितनं तिला एक वही आणून दिली. जनकाबाई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिची अक्षरं मोठी, एकमेकांना न चिकटणारी. त्या दिवशी दवाखान्याबाहेर येऊन तिनं लिहिलं, 'आज कोठी'.

आता बोलायची पाळी त्याची होती. ती बोटानं दाखवायची आणि तो सांगायचा. सांगण्यासाठी आधी त्याला माहीत असावं लागे. तो कामावरच्या लोकांना विचारू लागला, जुन्या इमारतींच्या म्हाताऱ्या वॉचमनांशी गप्पा मारू लागला. लिफ्टच्या खड्ड्यातून वर आला की आजूबाजूला पाहू लागला. उद्या आईला हे दाखवायचं, असं मनात येई आणि त्याला आवडे. मग लगेच लाज वाटे. आई झिजत होती आणि त्याला मात्र सकाळी उठून बाहेर पडावंसं वाटत होतं. असं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

एकदा बसमध्ये तिनं नदीच्या पात्रातल्या रस्त्याकडे बोट केलं. बसचा आवाज मोठा होता. तो तिच्या कानाशी वाकून बोलला, तिला ऐकू आलं नाही. मग तो मोठ्यानं म्हणाला, "माय, पाणी सोडलं ना धरणातून, का हा रस्ता सारा बुडते! गाड्या वाहून जातेत! मंग दोन-दोन रोज बंद ठेवतेत त्याले!" बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळी बस ऐकते आहे. कोणी हसलं नाही. मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी विचारलं, "अकोल्याकडचे का?" "नाही, बुलडाणा जिल्हा. नांदुऱ्याजवळचे," तो म्हणाला. आजोबा बरं म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. एवढंच झालं.

कसबा पेठेतल्या तांबट आळीची माहिती त्याला अशीच एका वॉचमनकडून मिळाली होती. तिथे अजून हातोड्यानं तांब्याची भांडी ठोकतात. गल्लीत शिरताच जनकाबाईनं कानात बोटं घातली. एका कारागिरानं तिच्या हातात छोटी हातोडी दिली. तिनं घागरीवर तीन ठोके मारले, चौथ्याला हात थकला. ती हसली, पण ओठ फुटलेले होते. हसताना त्यातून रक्त आलं आणि तिनं पदरानं ते टिपलं.

सत्ताविसाव्या शेकानंतर बसथांब्यावर तिचा तोल गेला. त्यानं पकडलं म्हणून पडली नाही. तिच्या दंडाभोवती त्याची बोटं पूर्ण वळली. रिक्षानं तो तिला खोलीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "बस झालं आता. दवाखाना अन् घर."

तिनं वहीत लिहिलं, 'घरी छत पाह्यते नुसती'.

तो दोन दिवस ठाम राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेला, पण जवळच, रिक्षानं. फुलबाजारात ती एका पोत्यावर बसून शेवंतीचे ढीग पाहत राहिली. वास तिला येत नव्हता. तेहतीस शेक असे संपले.

वडनेरला परतली तेव्हा तिचं वजन अकरा किलोनं कमी झालं होतं. दोन महिन्यांनी तपासणीत घसा साफ निघाला. घरात सगळे जरा सैलावले. तिचा आवाज थोडा परतला आणि शेजारच्या आशाबाईला बोलावून ती पुण्याच्या गोष्टी सांगू लागली. डिसेंबरात तिला खोकला लागला. छातीच्या फोटोत फुप्फुसात पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी राखीवहिनी तिला पाणी पाजत असतानाच ती गेली. पुण्याहून निघालेला प्रसेनजित तेव्हा भुसावळपर्यंत पोचला होता.

बौद्ध रिवाजाप्रमाणे आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या गोळा करू लागला. तेव्हा प्रेमानंद त्याच्याजवळ येऊन बसला.

"एक इचारू?"

"इचार."

"तुनं तिले दवाखान्यात नेलतं, का जत्रेले?"

प्रसेनजितनं जवळची सतरंजी ओढून तिची घडी घातली.

"अंगात ताकद नवती तिच्या. तू फिरवत होता. बसनं, पाण्यापावसात. डाक्टरले इचारलं होतं का, फिरवलं तं चालते का?"

"नाई इचारलं."

"काऊन?"

"तो नाई म्हणला असता."

प्रेमानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून गेला. राखीवहिनी दारातून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मनावर घेऊ नका भाऊजी. त्याईले कोणावर तरी राग काढाचा हाये." पण ते मनावर न घेणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच त्यानं पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. फिरण्यानं कॅन्सर पसरत नाही, असं ते म्हणाले होते. त्यानं ते ऐकून घेतलं. विश्वास अर्धाच बसला.

निघायच्या दिवशी प्रेमानंद त्याला मोटारसायकलवरून नांदुऱ्याला सोडायला आला. गाडीला वेळ होता. दोघं फलाटावर उभे राहिले.

"स्टेशनसमोरचा गाळा खाली होऊन राह्यला. घेतं का?"

"नाई दादा. मी तिथीच राह्यतो."

"तिथी आता कोण हाये तुह्यं?"

"कोणी नाई."

"मंग?"

आई आजारी होती तेव्हा मला ते शहर पुन्हा आवडायला लागलं, हे भावाला कसं सांगणार? ते त्याला स्वतःलाही नीट ऐकवत नव्हतं. "काम हाये तिथी," तो म्हणाला. प्रेमानंदनं मान हलवली. गाडी आली तेव्हा त्यानं बॅग उचलून आत दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी थांबला.

पुण्याला उतरला तो रविवार होता. कामावर दुसऱ्या दिवशी जायचं होतं. बसथांब्याकडे न वळता तो बॅग खांद्यावर घेऊन संगम पुलाकडे चालत गेला. मुळा आणि मुठा जिथे मिळतात, ती जागा त्यानं कधी पाहिली नव्हती. पाणी काळपट होतं, त्यावर जलपर्णी साचलेली, नाकाला घाण वास येत होता. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग थोडा वेगळा होता आणि काही अंतरापर्यंत ती सरमिसळ न होता शेजारी शेजारी वाहत होती. पांढरे बगळे जलपर्णीवरून पाय उचलत चालत होते.

कठड्याला टेकून तो तासभर तिथे उभा राहिला. आई गेल्यापासून तो रडला नव्हता. इथे रडला. जाणारे-येणारे पाहत होते, त्यानं तोंड लपवलं नाही. मग त्यानं नळावर चेहरा धुतला आणि पलीकडच्या काठानं जो रस्ता जातो, तो कुठं निघतो, हे एका माणसाला विचारलं. त्या माणसानं दाखवलेल्या दिशेनं तो चालू लागला.