नोंद नसलेले एकोणीस दिवस

पदक नाकारल्याचं पत्र मंगळवारी आलं आणि बुधवारी सकाळी माझ्या डाव्या पायाची दोन बोटं परत उगवली. सव्वीस वर्षांपूर्वी बर्फात काळी पडल्यावर ती कापावी लागली होती. आता ती जागच्या जागी होती, नखांसकट. बायकोनं दाबून पाहिली. "दुखतंय का?" म्हणाली. दुखत नव्हतं. तिनं चहा टाकला.

पत्रात लिहिलं होतं, 'सदर ठिकाणी त्या काळात चौकी असल्याची नोंद आढळत नाही. सबब आपण तेथे नव्हता.'

मी सुभेदार शेलारांना फोन लावला. त्यांचा उजवा कान स्फोटात गेलेला, म्हणून नेहमीसारखा ओरडून बोललो.

"हळू बोल, पोपट," ते म्हणाले. "सकाळपासून दोन्ही कानांनी ऐकू येतंय."

त्या चौकीला आम्ही कावळा पोस्ट म्हणायचो. सहा जण होतो. खालची वाट बर्फानं बुजली आणि एकोणीस दिवस वर कुणी आलं नाही. आम्ही जागा सोडली नाही. अकराव्या दिवशी जालिंदर खरात गेला. बाकीचे तिघं पुढं आपापल्या घरी वारले. उरलो सुभेदारसाहेब आणि मी.

जालिंदरची बायको मालनवहिनी शेजारच्याच गावात राहते. तिच्या घरी त्याचा चोविसाव्या वर्षीचा फोटो आहे. आम्ही गेलो तेव्हा फोटोतला जालिंदर पन्नाशीचा झाला होता. मिशा पिकलेल्या, गाल बसलेले.

"काल रातीपर्यंत जवान होता," पत्र ऐकून वहिनी म्हणाली. "तिथं नव्हताच म्हणत्यात, म्हंजे मेला न्हाई. मग सव्वीस वर्षं घरी का आला न्हाई, ते मला कुणीतरी सांगावं."

तिनं फोटो पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या.

त्याच दुपारी आम्ही तिघं तालुक्याच्या गावी खासदार सुनंदाताई रणवरे यांच्या कार्यालयात गेलो. खोली चांगली ऐसपैस होती. पंधरा-वीस खुर्च्या, खिडकी, टेबलामागे ताई. त्यांचे सहायक पेठकर बाजूला फाईल घेऊन उभे. मी पत्र पुढं ठेवलं.

"अशा चौकीची नोंद नाही," पेठकर म्हणाले.

तेव्हा मागची भिंत हातभर पुढं आली. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या एकमेकींवर चढल्या.

"आम्ही होतो तिथं," सुभेदार म्हणाले.

"असाल. पण नोंद नाही."

खिडकीची भिंत सरकली. ताईंनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या मधोमध घेतला. त्यांना याची सवय असावी.

मी बूट काढून पाय दाखवला. ताईंनी वाकून पाहिला. "बोटं तर छान आलीत," त्या म्हणाल्या. "सुभेदारांचा कानही बरा झालाय म्हणता. मग विषय घोळवता कशाला? एका पदकासाठी एवढं?"

"ही बोटं माझी नाहीत ताई," मी म्हणालो. "माझी वर राहिली. मी ती देऊन आलोय. ही ज्यांनी पाठवली त्यांना परत करा."

"आणि हा कानसुद्धा," सुभेदार म्हणाले.

मालनवहिनीनं फोटो टेबलावर उभा केला. "ह्यांना कुठं ठेवलंय तेवढं सांगा. न्हाईतर मेलेत म्हणून लिहून द्या. मी सव्वीस वर्षं कपाळ मोकळं ठेवलंय. कशापायी ठेवलं?"

ताई फोटोकडे बघत राहिल्या. पेठकरांनी फाईल उलटसुलट केली. "खरात, जालिंदर," ते म्हणाले. "याचीही नोंद नाही." ते ठरलेल्या उत्तराचा छापील नमुना आणायला बाहेर गेले, आणि त्यांच्यामागे दाराचं फळकूट भिंतीत मिटलं. खाली फक्त एक फट राहिली.

आता चारी भिंती एकदम आल्या. खुर्च्यांचा चुरा झाला. टेबल माझ्या पोटाला लागलं. ताईंची खुर्ची मोडली तशा त्या उभ्या राहिल्या, पाठ भिंतीला टेकून. आम्ही चौघं खांद्याला खांदा लावून होतो.

"आम्हांला बाहेर जाऊ द्या म्हणून अर्ज करा," ताई हळूच म्हणाल्या. "मग भिंती मागं सरतात. सगळे तसंच करतात."

"आम्ही जागा सोडत नाही," सुभेदार म्हणाले. "तेव्हाही सोडली नव्हती."

"माझाही श्वास कोंडतोय, सुभेदार."

"मग तुम्ही काहीतरी करा. आम्ही तुम्हांलाच निवडून दिलंय."

फटीतून एक कागद आत सरकला. "ताई, सही करा," पेठकरांचा आवाज आला. "फक्त सही. मजकूर तयार आहे."

ताईंनी कागद पायानं परत बाहेर लोटला. पर्समधून पेन काढलं, भिंतीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून सांगा. भराभर नको."

मी सांगू लागलो. पहिला दिवस, वायरलेस बंद पडला. दुसऱ्या दिवशी तंबूचा खांब मोडला, तो आम्ही आळीपाळीनं धरून बसलो. ताई भिंतीवर लिहीत होत्या, बारीक, सुवाच्य अक्षरात. चौथ्या दिवशी रॉकेल संपलं, हे सुभेदारांनी सांगितलं. सहाव्या दिवशी जालिंदरनं आपले कोरडे मोजे मला दिले. ते वहिनीला ठाऊक नव्हतं.

"ताई, हे कशाच्या आधारावर?" बाहेरून पेठकर ओरडले.

"माणसं समोर उभी आहेत," ताई म्हणाल्या.

भिंती थांबल्या. मागं मात्र सरल्या नाहीत. ताईंपुढं हात पोचेल एवढीच जागा होती, आणि सातव्या दिवसापाशी तीही भरली.

मालनवहिनीनं पदर खोचला आणि आपला उजवा हात पुढं केला. "अकरावा दिवस माझ्या हातावर लिवा," ती म्हणाली. "तवर ह्या दोघांचे हात घ्या."

ताईंनी मान हलवली. माझं मनगट धरून ओढलं, शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि आठवा दिवस लिहायला सुरुवात केली.