साहेबांसाठी अडलेली घंटा

मथुराबाईंचं डोकं सकाळी फ्लेक्स बघूनच तापलं होतं. हडपसरच्या चौकात वडापावच्या गाडीवर तो हा एवढा मोठा टांगलेला. वर कुणा साहेबांचं तोंड, मध्ये भाचा रविराज गॉगल लावून, आणि खाली कोपऱ्यात त्या स्वतः, मालिकेतल्या आईसाहेबांच्या जरीकाठात. 'आमच्या लाडक्या आत्या'.

लाडक्या म्हणे! याच घराने त्यांना बाहेर काढलं होतं. नाटकाच्या पहिल्या दौऱ्याहून परतल्या तेव्हा कानामागे थोडा रंग राहिला होता. तो दिसला आणि थोरल्या भावाने, हिंदुरावाने, तोंडावर दार लावून घेतलं. "रंग फासणारी आमची कुणी न्हाय," एवढं आतून ऐकू आलं. आई रडत होती तेही ऐकू आलं. मग ही चौथी नापास बाई दुसऱ्याकडून पानं वाचून घेऊन भूमिका पाठ करत गावोगाव फिरली. तापात उभी राहिली, बाळंतपणानंतर महिन्यात उभी राहिली. तेव्हा एक नातेवाईक फिरकला नाही. आता टीव्हीवर रोज संध्याकाळी सुनेला चार टोमणे मारते, तर सगळे अळंब्यांसारखे उगवलेत. टीव्हीवर काय, चुकलं तर पुन्हा घ्या. रंगमंचावर समोर बसलेला माणूस पुन्हा मिळत नाही, हे यांना कोण सांगणार?

शेतं आयटी पार्कात गेली आणि हिंदुरावाचा रविराज बिल्डर झाला. नव्या इमारतींची जाहिरात म्हणून त्याने आत्याच्या नाटकाचा अख्खा प्रयोग विकत घेतला. मथुराबाई हो म्हणाल्या त्या एकाच कारणाने. पहिल्या रांगेत हिंदुराव बसणार होता. नाटकाच्या शेवटी एक म्हातारी मुलाने लावलेल्या दाराबाहेर उभी राहून बोलते. ज्याने दार लावलं त्याने ते बोलणं एकदा बसून ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. माफीबिफी त्याची त्याने ठेवावी.

संध्याकाळी थिएटरात दोन घंटा झाल्या. तिसरीला पडदा उघडायचा, पण ती काही होईना. व्यवस्थापक श्रीधर मेकअप रूममध्ये आला, तो भिंतीकडे बघत.

"ताई, साहेब स्वारगेटला अडकलेत. ते आल्याशिवाय घंटा द्यायची नाही म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

"मीच, आत्या," रविराज मागून आत आला. कपाळाला घाम, दोन्ही हातांत मोबाईल. "थोडं ॲडजस्ट कर ना. साहेब आले की मध्यंतरात सत्कार."

"आणि थिएटर रिकामं कधी करायचंय? आपल्यामागे दुसऱ्यांचा कार्यक्रम आहे."

"म्हणून तर शेवटचा सीन कट करू. तसंही पब्लिक तोवर जेवणाच्या मूडमध्ये असतं."

श्रीधरने डोळे मिटून घेतले.

मथुराबाई आरशातूनच म्हणाल्या, "रव्या, तुझ्या इमारतीचा वरचा मजला कट कर. तसंही लिफ्ट तोवर बंद पडते."

"आत्या, शो मी विकत घेतलाय!"

"खुर्च्या घेतल्यास बाबा. मला घ्यायला तुझ्या सात पिढ्यांची गुंठेवारी पुरायची नाही. सर बाजूला."

लुगड्याचा पदर खोचून त्या तडक विंगेत गेल्या आणि घंटेचं बटण दाबलं. नुसतं दाबलं नाही, दाबून धरलं. बाहेरच्या लोकांनी समोसे टाकून आत धाव घेतली. रविराज "अगं, अगं" करत राहिला आणि पडदा उघडला.

साहेब आलेच. आले ते नेमके शेवटच्या प्रवेशात. मथुराबाई बंद दारासमोर उभ्या, पहिलं वाक्य तोंडात, आणि मागून बुटांचा खडखडाट, वीस माणसं, मोबाईलचे उजेड. रविराज शाल-नारळ घेऊन रंगमंचाच्या पायऱ्या चढला. "रसिकहो, एक मिनिट! आपले लाडके..."

मथुराबाई थांबल्या. वळून भाच्याकडे असं बघितलं की त्याचा पाय वरच्या पायरीवरच राहिला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटली.

"खाली बस रव्या! ती बोलतीय, दिसत न्हाय का?"

आवाज हिंदुरावाचा होता. रविराज नारळ पोटाशी धरून उतरला. साहेब मिळेल त्या खुर्चीत बसले.

मथुराबाई दाराकडे वळल्या आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. आवाज चढवला नाही. उलट इतका खाली आणला की पहिल्या रांगेलाही कान द्यावा लागला. एका माणसाला तर सबंध वाकून बसावं लागलं.

पडदा पडल्यावर त्या क्रीम लावून तोंड पुसत होत्या. आरशात दिसलं, दाराच्या चौकटीत हिंदुराव उभा आहे. टोपी हातात, डोळे लाल. त्यांनी बघितलं न बघितलंसं केलं. गाल पुसले, गळा पुसला, कानामागचा रंग मुद्दाम ठेवला.

"मथे," तो अखेर म्हणाला, "येऊ का आत?"

"विचारतोस काय? नाटकवाल्यांकडे दार लावायची पद्धत नाही."

तो आत आला. बसायला जागा शोधू लागला. एकच खुर्ची होती, तिच्यावर नाटकातलं लुगडं पडलेलं. मथुराबाईंनी ते उचललं नाही; बसायचं तर त्याने आपल्या हाताने उचलावं.