दुसरी धार

तुम्ही माझ्या बापाला फसवा कारागीर ठरवलंत. तोंडावर नाही, तेवढी छाती तुमच्यात नाही. त्याची कात्री काचेच्या कपाटात ठेवलीत आणि खाली छापील चिठ्ठी चिकटवलीत: 'बोथट माल. असा नमुना पाठवू नये.' येणारा-जाणारा वाचतो, मान हलवतो, पुढे जातो. कात्री कोणाची, ती का बोथट झाली, हे ना कोणी विचारत, ना तुम्ही सांगत.

तुम्ही कोण ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. परदेशी बाजारात शिरू पाहणाऱ्यांना फुकट सल्ला देणारं, दुसऱ्या मजल्यावरचं कार्यालय. पंखा फिरतो, चहा येतो, भिंतीवर जगाचा नकाशा. त्या नकाशाखालीच ते कपाट आहे.

मी तिथे तुमच्या व्याख्यानाला माझ्या शेजारणीसोबत आले होते. ती कापडी बाहुल्या करते आणि तिला त्या बाहेरदेशी विकायच्या आहेत. एकटीने यायला तिला धीर होईना. "तू नुसती बस गं बाजूला. कोणी इंग्रजीत बोललं तर माझा हात दाब," म्हणाली. "दाबून काय होणार? मला तरी कुठे येतंय?" "निदान दोघी मिळून घाबरू." म्हणून आले. व्याख्यान सुरू व्हायला वेळ होता, म्हणून कपाट बघत उभी राहिले, आणि काचेला कपाळ लावून वाकले. कात्रीच्या खिळ्याशेजारी दोन बारीक ठिपके होते. ते ठिपके माझी आत्या मारायची.

आता तुम्हाला सगळं सांगते. तेव्हा तुम्ही विचारलं नाहीत, निदान आता ऐका.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी धारेचं चाक, त्याखाली पाण्याची लोखंडी पेटी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली पाती. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास इतका मुरलेला, की शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. चाकावर बाबा. दोन पाती जोडणारा खिळा ठोकायला आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण. कात्री दोन पात्यांची असते असं लोकांना वाटतं. आत्या म्हणायची, ती एका खिळ्याची असते. घट्ट झाला तर अंगठा दुखतो, ढिला झाला तर कात्री कापड चावते. ती खिळा ठोकायची, कात्री कानाशी धरून हळू मिटायची, आणि आवाज पटला की शेजारी दोन ठिपके मारायची.

गावातला प्रत्येक शिंपी आमची कात्री वापरायचा. आणि आमच्याकडे एक रीत होती. नवी कात्री आम्ही एका धारेवर द्यायचो. पहिली धार साधी, कामचलाऊ. शिंपीमास्तराने ती नेऊन महिनाभर कापड कापायचं. कोणी अंगठा पुढे रेटतो, कोणी बोटांनी ओढतो, कोणाचं मनगटच वाकडं. महिन्याभरात पाती त्या हाताला सरावायची, आणि धार मरायची. मग कात्री परत आणायची. बाबा पात्यावरच्या घासल्याच्या खुणा बघायचे, बाक किंचित बदलायचे आणि दुसरी धार लावायचे. त्या हाताची. ती वर्षानुवर्षं टिकायची. दुसऱ्या धारेचे पैसे वेगळे नाहीत, ते कात्रीच्या किमतीतच. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. पाटी नव्हती. गुरूने शिष्याला सांगितलेली, सासऱ्याने जावयाला सांगितलेली. श्वास घ्या असं कोणी कोणाला बजावतं का?

म्हणून सकाळी दार उघडलं की कोणी ना कोणी चिंधीत कात्री गुंडाळून उभंच असायचं. आत्या आतून ओरडायची, "या, माहेरी आली का लेक?" पहिल्या धारेची असो की दहा वर्षांची जुनी, आमच्याकडे आलेली प्रत्येक कात्री माहेरवाशीणच.

कोटवाले मास्तर म्हणजे तर ठरलेला तमाशा. आत्या त्यांची कात्री उजेडात धरायची.

"मास्तर, हिने कागद कापलाय."

"छे हो आत्या!"

"खोटं बोलू नका. पात्यावर दिसतंय."

"नातवाने कापला असेल, पतंगाला."

"मग नातवाला दुसरी घ्या. हिला घरात कोणी हात लावता कामा नये. बायकोला लावू देता का?"

"बायकोला? तिला मी ही कुठे ठेवतो ते अजून सांगितलेलं नाही!"

"आणि तिने तुमच्यापासून काय काय लपवलंय ते मला विचारा," आत्या म्हणायची, आणि चाकाचा आवाज हसण्यात बुडायचा. बाबा हसायचे नाहीत. ते नुसते खांदे हलवायचे. मी दारातल्या पोत्यावर बसून रद्दीच्या पानांवरची अर्धी-अर्धी वाक्यं वाचायची. माझं वाचन तिथलंच. पुढची अर्धी वाक्यं मी मनाने पुरी करायची, आणि अजून तेच करते आहे.

मग तुमचे सल्लागार साहेब आले. बूट असे चकचकीत, की आत्याने त्यात बघून केस नीट केले. त्यांनी कात्री हातात घेतली, कापड कापून बघितलं आणि म्हणाले, "ही बाहेर जायला हवी."

बाबांना वाटलं, बाहेर म्हणजे दुकानात. साहेब म्हणाले, समुद्रापलीकडे.

खोटं कशाला बोलू, साहेबांचे बरेचसे सल्ले बरोबर होते. तेलाचा वास मारतो, पुसून पाठवा, बरोबर. रद्दीत गुंडाळू नका, खोका करा, बरोबर. सगळ्या मुठी एकाच मापाच्या हव्यात, तेही ठीक. खोक्यावर कारागिराचा हसरा फोटो हवा म्हणाले, तेव्हा मात्र बाबांचा चेहरा पडला. ते उभ्या आयुष्यात फोटोत हसले नव्हते. फोटोवाला "दात, दात" म्हणून ओरडत होता आणि आत्या म्हणाली, "दात कशाला बघायचेत? आपण काय घोडा विकतोय?" तेवढ्यात बाबांना हसू फुटलं आणि फोटो निघाला. आजही तो एकच फोटो आहे आमच्याकडे, ज्यात बाबा हसतायत. एवढं देणं तुमचं मान्य करते.

साहेब गेल्यावर आत्या म्हणायची, "जावयासारखा बसतो आणि सासूसारखा बोलतो." पण मागणी खरी होती, आणि घरात सगळ्यांचे डोळे चमकत होते.

मग शेवटचा सल्ला आला. "हे धार लावायचं किरकोळ काम बंद करा. चाक दिवसभर जुन्या कात्र्यांत अडकलं, तर नवा माल कधी होणार? कारखानदार व्हा, धारवाले राहू नका." बाबांनी चाक थांबवलं. मग त्यांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली: 'धार लावून मिळणार नाही.' दुसऱ्या दिवशी कोटवाले मास्तर आले, पाटी वाचली, परत वाचली, आणि चिंधीतली कात्री काखेत दाबून मुकाट निघून गेले. आत्याने आतून हाक मारली तीही त्यांनी ऐकली नाही. ऐकली असेल, पण थांबले नाहीत.

खोके निघाले त्या दिवशी आत्याने एकेका कात्रीवरून कापड फिरवलं आणि झाकण लावताना पुटपुटली, "नीट नांदा गं." आम्ही तिची थट्टा केली.

महिना-दीड महिना गेला आणि साहेबांचा फोन आला. आवाज कोरडा. "तुमचा माल बोथट झालाय. सगळाच. त्यांची फार तक्रार आहे."

बाबांना काही कळेना. ते सरळ म्हणाले, "होणारच की! मग अजून आणल्या का नाहीत परत?"

"परत? कुठे परत?" पलीकडून आवाज आला. इकडे आत्याच्या हातातली हातोडी तशीच वर राहिली. आणि मग खोलीतल्या सगळ्यांना एकदम उमगलं. आम्ही त्या कात्र्या पहिल्या धारेवर पाठवल्या होत्या. आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही, की ही कात्री परत यायची नाही. परत न येणारी कात्री आम्ही कधी पाहिलीच नव्हती. दूर दिलेली लेकसुद्धा कधीतरी येतेच, या हिशेबात आम्ही होतो. खोका, मूठ, वास, दात, सगळ्याची चर्चा झाली. पण तुम्ही विचारलं नाहीत, की ही विकल्यावर पुढे काय होतं. आणि आम्ही सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

चूक आमची होती. बाबांनी ती फोनवरच कबूल केली. म्हणाले, "साहेब, सगळ्या परत मागवा. येण्या-जाण्याचा खर्च माझा. दुसरी धार लावून देतो. मग जन्मभर तक्रार आली तर माझे हात तोडा."

साहेब म्हणाले, "बाजार असा थांबत नाही हो. आता विषय संपला."

तुमचा संपला. आमचा कसा संपेल? पाटी उतरवली, पण शिंपी परतले नाहीत. त्यांनी यंत्रावरच्या कात्र्या घेतल्या होत्या. त्या बोथट झाल्या की फेकायच्या आणि नवी घ्यायची. त्यांना कोणी माहेर नाही. कोटवाले मास्तर रस्त्यात भेटले की बाबांची चौकशी करायचे, कात्रीचा विषय टाळायचे. आत्या वर्ष-दोन वर्षांनी गेली. शेवटच्या आजारपणात तिने एकदाच विचारलं, "त्या पोरींचं काही कळलं का रे?" बाबांनी चाकावर ताडपत्री टाकली आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर त्या खोलीतला वास हळूहळू गेला. मला तो अजून हवासा वाटतो. शाळेत ज्याने मला एकटं पाडलं, तोच वास.

आणि इतक्या वर्षांनी त्यांतली एक पोर, तक्रारीबरोबर तुमच्याकडे परत आलेली, तुमच्या कपाटात सापडली.

व्याख्यानात तुमच्या नव्या बाईंनी पडद्यावर तिचाच फोटो दाखवला. "अशा कारागिरांना दर्जा म्हणजे काय ते माहीत नसतं," म्हणाल्या. लोक हसले. शेजारणीने माझा हात दाबला, आणि तेव्हा तर मराठीच चालू होतं. मी उठून म्हणाले, "बाई, ती कात्री बोथट नाही, अर्धी आहे." त्यांनी विचारलं, "तुमचा प्रश्न काय?" मी म्हणाले, "कपाट उघडता का?" त्या म्हणाल्या, चावी वरिष्ठांकडे असते आणि ती वस्तू प्रदर्शनाची आहे, देता येत नाही, पुढचा प्रश्न.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नाही. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखतात. त्यांनी माझा आवाज आला त्या बाजूला मान वळवली. मग विचारलं, "गंज आहे?"

"थोडा. टोकाशी."

"खिळा?"

"आत्याचाच. दोन ठिपके आहेत."

"मग ती पहिल्यासारखी मिटत असणार," ते म्हणाले, आणि भिंतीला धरत कारखान्याच्या खोलीत गेले. ताडपत्री ओढून काढली. चाकाचा पट्टा वाळून तडकला होता, तो मी बदलला. पेटीत पाणी भरलं. तेव्हापासून रोज सकाळी ते चाकाशी बसतात, रिकामं चाक फिरवतात, बोटाने त्याचा काठ चाचपतात. मी म्हणते, "बाबा, दिसत नाही तर धार कशी लावणार?" म्हणतात, "धार कधी डोळ्यांनी लावली होती? पण हात आता थरथरायला लागलेत. त्यांना म्हणावं, जरा घाई करा."

शेजारीण विचारत होती, बाहुल्या पाठवू की नको. मी तिला सांगितलं, पाठव. खोका चांगला कर, वास मारू देऊ नकोस, हसरा फोटो लाव. साहेबांनी सांगितलेलं सगळं कर. पण आधी एकटी बसून आठव, की तुझ्या बाहुलीबद्दल असं काय आहे जे तू गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाहीस, कारण ते सगळ्यांना ठाऊकच आहे असं तू धरून चालतेस. ते पलीकडे कोणालाही ठाऊक नाही. ते खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिही. ती विचारात पडली, मग म्हणाली, "अगं, हिला धुवायचं नसतं!" आता तेच तिच्या खोक्यावर छापलं जाणार आहे. तुमच्या व्याख्यानात हे नव्हतं.

मला भरपाई नको. व्याख्यानाला पाहुणी म्हणून बोलावू नका. तुमची चिठ्ठीसुद्धा हवी तर राहू द्या, फक्त तिच्यावरची कात्री मला द्या. बाबा तिला दुसरी धार लावतील, मी तिने तुमच्या टेबलावर कापड कापून दाखवीन, आणि मग तुमच्याच हाताने तिला परत कपाटात ठेवा. तेव्हा चिठ्ठीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

चाक धुऊन ठेवलंय. पेटीत पाणी आहे. बाबा खिडकीशी बसलेत आणि दारात पाऊल वाजलं की मान वर करतात. 'अर्ज करा' हे उत्तर नव्हे. 'वरिष्ठांना विचारतो' हेही नव्हे. चावी कोणाकडे आहे, आणि कपाट कधी उघडताय?